राज्य, जमीन आणि ‘आपण’ : राजकीय तत्त्वज्ञानाचे मूलभूत प्रश्न

एका माणसाला दुसऱ्यावर हुकूम चालवण्याचा अधिकार कोठून मिळतो? तो हुकूम पाळणे हे दुसऱ्याचे कर्तव्य का ठरते? जमीन, पाणी आणि जंगल यांची वाटणी कोणत्या न्यायाने व्हावी? आणि हे सारे ज्यांनी मिळून ठरवायचे ते ‘आपण’ म्हणजे नेमके कोण? राजकीय तत्त्वज्ञान या प्रश्नांचा विचार करते. राज्यशास्त्र सत्ता कशी चालते याचे वर्णन करते. राजकीय तत्त्वज्ञान ती तशी चालावी का, याची झडती घेते. निवडणूक कोण जिंकले हा पहिल्याचा विषय, तर जिंकलेल्याला हरलेल्यावर राज्य करण्याचा हक्क का मिळावा हा दुसऱ्याचा.

हे प्रश्न सहसा अथेन्स, लंडन किंवा पॅरिसच्या संदर्भात शिकवले जातात. मराठी वाचकाला ते पैनगंगेच्या पलीकडच्या काठावरही भेटतात. आदिलाबाद जिल्ह्याने एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात निजामाची राजवट, हैदराबाद राज्य, आंध्र प्रदेश आणि २ जून २०१४ पासून तेलंगण अशी चार राज्ये पाहिली. तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, उर्दू आणि बंजारा बोली तेथे शेजारीशेजारी नांदतात. २०१६ साली या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमराम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. पुढील विवेचनात ‘आदिलाबाद’ म्हणजे हा जुना, अखंड जिल्हा. राजकीय तत्त्वज्ञानाचा बहुतेक प्रत्येक मूलभूत प्रश्न येथे कधी ना कधी खटल्याच्या, मोर्चाच्या किंवा जमिनीच्या पट्ट्याच्या रूपाने उभा राहिला आहे.

राज्य म्हणजे काय

कौटिल्याने राज्याची सात अंगे सांगितली : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. आधुनिक पाठ्यपुस्तके लोकसंख्या, भूप्रदेश, शासन आणि सार्वभौमत्व अशी चार सांगतात. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने १९१९ साली केलेली व्याख्या सर्वांत नेमकी मानली जाते. ठरावीक भूप्रदेशात बळाच्या वैध वापराची मक्तेदारी ज्या संस्थेकडे असते आणि तशी ती असल्याचा दावा यशस्वीपणे टिकतो, ती संस्था म्हणजे राज्य. या तिन्ही व्याख्या एक गोष्ट गृहीत धरतात : भूप्रदेश आधीच ठरलेला आहे.

आदिलाबादच्या सीमेवर हे गृहीतक डळमळते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन झाले. तेव्हा आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके व बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मुंबई राज्यात गेले. उलट दिशेने नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे आंध्र प्रदेशात येऊन पुढे आदिलाबादचा भाग झाली. कागदावर रेघ ओढून झाली, पण माणिकगडच्या डोंगराळ पट्ट्यातल्या परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर यांसारख्या चौदा गावांचा निकाल लागला नाही. चंद्रपूर जिल्ह्यातला जिवती तालुका आणि आसिफाबाद जिल्ह्यातले केरामेरी मंडल या दोघांचाही त्यांच्यावर दावा राहिला. परिणामी एकाच गावात मराठी शाळाही आहे आणि तेलुगू शाळाही. दोन ग्रामपंचायती आहेत, दोन सरपंच आहेत. पुष्कळ घरांत दोन्ही सरकारांची रेशनकार्डे आहेत. कसत असलेल्या जमिनीचा पक्का पट्टा मात्र अनेकांना दोन्हींकडून मिळालेला नाही.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चंद्रपूरचे मतदान १९ एप्रिलला आणि आदिलाबादचे १३ मे रोजी झाले. या गावांतल्या अनेकांची नावे दोन्ही मतदार याद्यांत होती. लोकप्रतिनिधित्व कायदा एका व्यक्तीला एकापेक्षा अधिक मतदारसंघांत नोंदणीची मुभा देत नाही. येथे मात्र दोन्ही याद्या सरकारी यंत्रणांनीच केलेल्या. वेबरच्या व्याख्येतली मक्तेदारी येथे नाही, तरीही अराजक माजलेले नाही. दोन दावेदार एकमेकांशी न भांडता शेजारी उभे आहेत आणि दोघेही एकाच भारतीय संघराज्याचे घटक आहेत. सार्वभौमत्व अविभाज्य असते असे सोळाव्या शतकातल्या ज्याँ बोदँपासून मानले गेले. संघराज्याने ते सिद्धान्तात सैल केले, आणि या चौदा गावांनी ती सैल झालेली गाठ किती ताणता येते ते दाखवले.

आज्ञा का पाळायची

राज्य असणे ही वस्तुस्थिती झाली. त्याला अधिकार असणे ही निराळी बाब. दरोडेखोरही पैसे मागतो आणि तहसीलदारही. पहिल्याची जबरदस्ती आणि दुसऱ्याचा कर यांत फरक काय, हा अधिमान्यतेचा प्रश्न.

याची जुनी उत्तरे भारतातही आहेत. महाभारताच्या शांतिपर्वात मत्स्यन्यायाची कल्पना येते : दंड नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळतो, म्हणून राजा हवा. दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्त वेगळी वाट धरते. शेतांच्या वाटण्या झाल्या, चोरी सुरू झाली, तेव्हा लोकांनी आपल्यातल्याच एकाला निवडले आणि कामाच्या बदल्यात धान्याचा वाटा देऊ केला. तो महासम्मत, म्हणजे सर्वांनी मान्य केलेला राजा. युरोपात टॉमस हॉब्जने १६५१ साली भीतीच्या पायावर, जॉन लॉकने १६८९ साली हक्कांच्या पायावर आणि रूसोने १७६२ साली सामूहिक इच्छेच्या पायावर सामाजिक कराराचा सिद्धान्त मांडला. डेव्हिड ह्यूमने १७४८ साली त्याच्या वर्मावर बोट ठेवले. असा करार प्रत्यक्षात कोणी केलेला नाही; बहुतेक राज्ये जिंकून किंवा बळकावून उभी राहिली. देश सोडून गेला नाही म्हणजे त्याने मूकसंमती दिली, हे म्हणणेही त्याला मान्य नव्हते. ज्या गरिबाला ना परकी भाषा येते ना त्याच्या गाठीला पैसा असतो, तो जाणार कोठे?

गोंड नेता कोमराम भीम याचा लढा हा ह्यूमच्या आक्षेपाचा जिवंत दाखला आहे. निजामाच्या राजवटीत राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या. त्या हद्दींच्या आत पिढ्यान्‌पिढ्या पोडू, म्हणजे फिरती शेती करणारे गोंड आणि कोलाम एका रात्रीत अतिक्रमणदार ठरले. चराईवर, लाकूडफाट्यावर वसुली सुरू झाली. बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांना मात्र पट्टे मिळत गेले. भीमाने बाबेझरी-जोडेघाट परिसरातल्या बारा गावांसाठी स्वशासन मागितले आणि १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात तो मारला गेला. त्याच्या नावाशी जोडलेली ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा आज देशभर ऐकू येते.

भीमाची मागणी राज्य नकोच अशी नव्हती. संमतीखेरीज आलेला अधिकार आपल्यावर बंधनकारक नाही, असे त्याचे म्हणणे होते. गोंडांकडे स्वतःची व्यवस्था होतीच : गावचा पटला, पूजाविधी करणारा देवारी, आणि अनेक गावांचे तंटे सोडवणारी पंचायत. लॉकच्या भाषेत बोलायचे तर तेथे ‘नैसर्गिक अवस्था’ नव्हती, एक राजकीय समाज आधीच नांदत होता. करारवादी विचारवंतांनी रिकाम्या पाटीवर राज्य लिहिले. आदिलाबादला एका लिहिलेल्या पाटीवर दुसऱ्याने लिहिले.

जमीन कोणाची

मालमत्तेच्या हक्काचे सर्वांत प्रभावी समर्थन लॉकचे आहे. माणसाचे श्रम त्याचे स्वतःचे असतात. ते ज्या जमिनीत तो मिसळतो, ती त्याची होते. अट एवढीच की इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे. हा युक्तिवाद नांगरलेल्या शेताला नीट बसतो. काही वर्षे पिकवून मग रान वाढण्यासाठी सोडून देणाऱ्या पोडू शेतीला तो बसत नाही, कारण पडीक ठेवणे हाही त्या शेतीचा भाग आहे. सर्वेक्षणाला आलेल्या अधिकाऱ्याला मात्र त्या जागी निर्जन जंगल दिसते. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी लॉकच्याच तर्काने ‘मोकळ्या’ ठरवण्यात आल्या होत्या.

भीमाच्या उठावानंतर निजाम सरकारने ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडून गोंडांच्या परिस्थितीचा अभ्यास करवून घेतला आणि पुढे त्यांना सल्लागार नेमले. ते पत्नी बेटी यांच्यासह मारलावाईला राहिले. गोंडी बोलणारे शिक्षक तयार करण्याचे केंद्र तेथेच निघाले. १९४० च्या दशकात त्यांच्या शिफारशीने हजारो आदिवासी कुटुंबांना पट्टे मिळाले. केसलापूरच्या नागोबा जत्रेत अधिकाऱ्यांनी गाऱ्हाणी ऐकण्याचा दरबार त्यांच्याच काळात सुरू झाला. पौष अमावास्येला गोंडांच्या मेसराम कुळाची महापूजा होते. त्यानंतरच्या दिवसांत भरणाऱ्या या दरबारात माणसे आजही पट्टा, रस्ता, विहीर असे अर्ज घेऊन येतात.

पट्टा मिळाला तरी तो हातात टिकला नाही. सावकारी, कापसाचा व्यापार आणि नव्या वस्त्या यांच्या रेट्यात जमिनी पुन्हा बिगर-आदिवासींकडे गेल्या. १९८२ च्या आपल्या ग्रंथात हायमेनडॉर्फ यांनीच ते नोंदवले. यावरचा कायदेशीर उपाय म्हणजे १९५९ चा भूहस्तांतरण विनियम आणि त्यातली १९७० ची दुरुस्ती. या दुरुस्तीनुसार अनुसूचित क्षेत्रातली जमीन फक्त अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला किंवा त्यांच्या सहकारी संस्थेलाच देता येते. शिवाय बिगर-आदिवासीच्या ताब्यातली जमीन मुळात आदिवासीकडूनच आली असे कायदा गृहीत धरतो. उलटे सिद्ध करण्याचा भार ताबेदारावर पडतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली हा विनियम वैध ठरवला. १९९७ च्या ‘समता’ खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले आणि खाणपट्टे देताना सरकारलाही ही बंदी लागू होते असे म्हणाले.

लॉकच्या श्रमाच्या कसोटीला येथे इतिहासाची कसोटी भिडते. अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक याने १९७४ साली म्हटले की मालकी न्याय्य आहे की नाही हे आजच्या वाटणीवरून ठरत नाही. ती वस्तू मिळवण्याची आणि हस्तांतराची साखळी स्वच्छ आहे का, हे पाहावे लागते. नसेल तर दुरुस्ती आवश्यक. नोझिक हा मुक्त बाजाराचा खंदा पुरस्कर्ता. १९७० च्या दुरुस्तीतले गृहीतक मात्र त्याच्याच तर्काने सर्वांत चांगले समर्थित होते.

स्वातंत्र्य कशापासून, कशासाठी

आयझाया बर्लिन याने १९५८ च्या व्याख्यानात स्वातंत्र्याच्या दोन संकल्पना वेगळ्या केल्या. इतरांनी अडथळा न आणणे हे नकारात्मक स्वातंत्र्य. स्वतःच्या आयुष्याचा धनी असणे हे सकारात्मक. भूहस्तांतरण विनियमाने या दोहोंची टक्कर घडवली. उटनूरजवळच्या एखाद्या गोंड शेतकऱ्याला मुलीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी पैसे हवे असतील, तर तो आपली जमीन बाजारभावाने विकू शकत नाही. गिऱ्हाईक मर्यादित, म्हणून भाव कमी. तारण म्हणूनही तिची किंमत कमी. स्वतःच्या वस्तूचा व्यवहार करण्याचे स्वातंत्र्य कायद्याने काढून घेतले, असे म्हणता येते.

याला दोन उत्तरे दिली जातात. पहिले पालकत्वाचे : त्याचे भले त्याला कळत नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली सज्ञान माणसांच्या बाबतीत हेच उत्तर फेटाळले होते आणि ते अपमानकारकही आहे. दुसरे अधिक भक्कम. अडलेल्या माणसाने कर्जाच्या दबावाखाली केलेली विक्री मुळात स्वतंत्र निवड नसते. शिवाय एकेकाने विकलेल्या जमिनींचा एकत्रित परिणाम सगळ्या समाजाचा पाया काढून घेतो. या दुसऱ्या उत्तरात शेतकरी अज्ञानी ठरत नाही, त्याचा सौदा असमान ठरतो. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये १८८३ सालीच दाखवले होते की कागदावर स्वतंत्र असलेला कुणबी सावकार आणि नोकरशाही यांच्या कचाट्यात प्रत्यक्षात परतंत्र असतो.

समता आणि न्याय

समान माणसांना समान वागवावे हे ॲरिस्टॉटलपासूनचे सूत्र सर्वांना पटते. भांडण सुरू होते ते समान कोण यावर. जॉन रॉल्स याने १९७१ साली यासाठी एक युक्ती सुचवली. समाजात आपली जागा कोणती असेल हे ठाऊक नाही असे समजून, म्हणजे अज्ञानाच्या पडद्याआड बसून, नियम ठरवावेत. मग माणूस सर्वांत खालच्या पायरीवरच्याचे हित आधी पाहील.

आदिलाबादला ही युक्ती लावून पाहिली की ती उपयोगीही वाटते आणि अपुरीही. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने तेलंगण भागातल्या लंबाडा समाजाचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. नदीपलीकडे महाराष्ट्रात तोच बंजारा समाज विमुक्त जातींत मोडतो. गोंड आणि कोलाम संघटनांचे म्हणणे असे की संख्येने मोठा आणि शिक्षणात पुढे असलेला समाज आरक्षणाचा व जमिनीचा मोठा वाटा घेतो, आणि सीमेपलीकडून येणाऱ्यांनाही त्याचा लाभ मिळतो. लंबाडा समाजाचे म्हणणे असे की भटकंती, दारिद्र्य आणि वसाहतकाळात अनेक प्रांतांत लागलेला गुन्हेगार जमातीचा शिक्का हे त्यांचेही वास्तव आहे. २०१७ च्या अखेरीस या वादाला हिंसक वळण लागले.

तिसरा गट या वादात सहसा दिसतच नाही. मराठवाड्यातून पोट भरायला आलेले भूमिहीन दलित डोंगरपट्ट्यात स्थायिक झाले. कायद्याच्या लेखी ते ‘बिगर-आदिवासी’, म्हणजे ज्या सावकाराला रोखण्यासाठी विनियम आला त्याच्याच रकान्यात. अज्ञानाच्या पडद्याआड बसलेल्याने सर्वांत खालच्याचे हित पाहायचे, तर सर्वांत खाली कोण? जमीन गेलेला गोंड, जमीन कधीच न मिळालेला दलित, की दोन राज्यांत दोन वर्गांत मोडणारा बंजारा? डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता की राजकारणात समता आणि समाजकारणात विषमता ही विसंगती फार काळ चालणार नाही. विषमतेला एकच उतरंड नसते, तिच्या अनेक उतरंडी एकमेकींत गुंतलेल्या असतात, हे त्या इशाऱ्याला आदिलाबादने जोडलेले टिपण होय.

लोकशाही : बहुमत की सहमती

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याच्या सुमारे २७ लाख लोकसंख्येत अनुसूचित जमाती सुमारे १८ टक्के होत्या. निव्वळ मोजणी केली तर त्या नेहमीच हरणार. म्हणून राज्यघटनेची पाचवी अनुसूची राज्यपालाला अधिकार देते की विधिमंडळाचा एखादा कायदा अनुसूचित क्षेत्रात लागू करू नये किंवा बदलून लागू करावा. भूहस्तांतरण विनियम याच अनुसूचीतल्या अधिकारातून निघाला. निवडून न आलेल्या पदाने निवडून आलेल्या सभागृहाला थांबवावे, यात लोकशाहीचा संकोच आहे की तिचे रक्षण? बहुमताची जुलूमशाही ही लोकशाहीची अंगभूत व्याधी मानणारे मिलसारखे विचारवंत दुसऱ्या बाजूला झुकतील. लोकेच्छा अविभाज्य मानणारा रूसो पहिल्या.

१९९६ च्या पेसा कायद्याने तिसरा मार्ग दाखवला : अधिकार राज्यपालाकडून ग्रामसभेकडे. आदिलाबादच्या गोंडी गावांत ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचे राज्य, ही घोषणा त्यातूनच रुजली. तिचे सर्वांत पुढे गेलेले रूप सीमेपलीकडे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात दिसते. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत. अभ्यासगटात विषयाची चिरफाड होते, मग ग्रामसभेत सर्वसहमती होईपर्यंत चर्चा चालते.

सहमतीचा गुण असा की हरलेला कोणीच उरत नाही, म्हणून निर्णयाचे पालन जवळजवळ आपोआप होते. तिचा दोषही तेथेच आहे. वेळ फार लागतो, एकटा माणूस सारे अडवून धरू शकतो, आणि गप्प बसणे म्हणजे पटणे असे मानण्याचा धोका राहतो. ज्या समाजात सर्व एकमेकांना ओळखतात तेथे ती चालते. लाखोंच्या समाजाला मतपेटीच लागते.

प्रतिकाराचा हक्क

अन्याय्य आज्ञा मोडता येते का? सॉक्रेटिसने पळून जाण्याची संधी नाकारून शिक्षा स्वीकारली. लॉकने विश्वासघात करणाऱ्या शासनाविरुद्ध उठण्याचा हक्क मान्य केला. गांधीजींनी दोहोंमधून वाट काढली : कायदा उघडपणे मोडावा आणि शिक्षा आनंदाने भोगावी. सविनय कायदेभंगाची ही कल्पना शासनाला लाज आहे असे धरून चालते.

२० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत जमिनीच्या पट्ट्यांसाठी आणि सावकारीविरुद्ध गिरिजन रयतु कुली संघमने बोलावलेल्या सभेला परवानगी नाकारण्यात आली, तरी आजूबाजूच्या गावांतले गोंड जमले. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारने १३ मृत्यू मान्य केले. नागरी हक्क संघटनांनी आकडा कितीतरी मोठा सांगितला. पुढे तेथे स्तूप उभा राहिला आणि स्मृतिदिनी त्याच्याजवळ जमण्यावरही अनेक वर्षे निर्बंध राहिले. वेबरची बळाची मक्तेदारी येथे पूर्ण होती. तिच्यापुढचे ‘वैध’ हे विशेषण मात्र वादात पडले. बळ वैध ठरण्यासाठी कायदेशीर आदेश पुरत नाही. ज्यांच्यावर ते वापरले जाते त्यांची बाजू ऐकण्याची वाट आधी उघडी असावी लागते. केसलापूरचा दरबार आणि इंद्रवेल्लीचा गोळीबार एकाच मंडलातले. गाऱ्हाणे ऐकणे ही राज्याची मेहरबानी नसून त्याच्या अधिकाराची अट आहे, हे त्यांच्या शेजारातून स्पष्ट होते.

‘आपण’ कोण

वरील प्रत्येक प्रश्नाच्या मुळाशी आणखी एक प्रश्न आहे. संमती कोणाची? बहुमत कोणातले? समता कोणाकोणात? लोकांनी ठरवावे असे म्हणताना लोक कोण हे आधी ठरलेले असावे लागते, आणि ते मतदानाने ठरवता येत नाही. कारण मत कोणी द्यायचे हेच तर ठरवायचे असते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजकीय तत्त्वज्ञांनी याला सीमेचा प्रश्न म्हणून स्वतंत्र स्थान दिले.

त्याची तीन उत्तरे संभवतात. पहिले पूर्ववास्तव्याचे : जे आधीपासून आहेत ते ‘आपण’. हे गोंड-कोलामांच्या हक्काला बळ देते, पण तीन पिढ्या राबलेल्या दलिताला आणि बंजाऱ्याला कायमचे पाहुणे ठरवते. दुसरे परिणामाचे : निर्णयाचा फटका ज्यांना बसतो ते ‘आपण’. हे उदार आहे, पण प्रत्येक निर्णयागणिक वेगळा समाज उभा करते. २०१२ साली घोषित झालेल्या कवल व्याघ्रप्रकल्पाचा परिणाम जंगलातल्या पाड्यावर होतो, तसा गोदावरीच्या खोऱ्यातल्या प्रत्येकावर काही ना काही होतो. तिसरे भाषेचे किंवा संस्कृतीचे. १९५६ च्या रेघेने तेच स्वीकारले. पण तेलुगू आणि मराठी यांच्या मध्ये गोंडी आणि कोलामी बोलणारा समाज दोन राज्यांत कापला गेला, आणि बेला-जैनदचे मराठी भाषक पलीकडच्या राज्यात राहिले.

यांपैकी कोणतेही उत्तर एकटे पुरत नाही, म्हणून भारतीय कायद्याने तिन्हींची मोट बांधली : राज्याच्या सीमेला भाषा, जमिनीला पूर्ववास्तव्य, ग्रामसभेला परिणाम. या मिश्रणात तर्काची सुसंगती कमी आहे, पण तिन्ही दाव्यांत तथ्य असल्याची कबुली आहे. अधिमान्यता, मालकी, स्वातंत्र्य, समता आणि प्रतिकार यांची उत्तरे या ‘आपण’च्या व्याख्येनुसार बदलतात. म्हणून राजकीय तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत बहुधा शेवटी येणारा हा प्रश्न तर्काच्या क्रमाने पहिला आहे, आणि ज्या प्रदेशाच्या सीमा वारंवार बदलल्या तेथे तो व्यवहारातही पहिलाच ठरतो.